पहिला घाव घरचा

ताडकळस,
१९ जून २०२५

चि. शिवशंकर यास,

अक्काचे आशीर्वाद. तू बरा असशील, रुख्मिणी बरी असेल, लेकरं बरी असतील. आईही बरी असेल. मी बरी आहे. पत्रात हे लिहावंच लागतं म्हणून लिहिलं.

पाकीट बघून तू आधी घाबरशील, मग हसशील. हल्ली कोण पत्र लिहितं! पण फोनवर तुझ्याशी बोलायचं तर तू कायम गाडीत असतोस, नाहीतर ‘अक्का, पाच मिनिटांत करतो’ म्हणतोस. तुझी ती पाच मिनिटं कधी संपलेली मी बघितली नाहीत. त्यात तुझा फोन स्पीकरवर. मी इकडून बोलायचं आणि तिकडे सगळ्या घरानं ऐकायचं. मला जे सांगायचं आहे ते तू एकट्यानं वाचायचं आहे. आईला हे वाचून दाखवू नकोस. ‘मालनीचं काय आलंय?’ असं ती विचारीलच. अंगणवाडीचं काहीतरी आहे म्हण.

आधी इकडचं सांगते. आईच्या खोलीवर नवे पत्रे टाकून झाले. भिंतीच्या वरच्या विटा निसटल्या होत्या, त्याही बसवून घेतल्या. पेरणीची गडबड आहे, त्यामुळे बाया लेकरांना भल्या सकाळीच अंगणवाडीत आणून सोडतात आणि शेताकडे पळतात. खिचडी शिजेपर्यंत लेकरं माझं डोकं खातात. चाललंय.

रुख्मिणीला सांग, आईला कुशीवर वळवताना दोन्ही पायांच्या मधे उशी द्यायची असते. डॉक्टरांनी मला दाखवलं होतं, तेव्हा तुम्ही दोघं खाली गाडीपाशी होता. ती मागेल त्याच्या निम्मी साखर चहात घालायची. मिशरी एकदम बंद करू नका, ती चिडते आणि मग जेवत नाही. रात्री उशाला पाण्याचा तांब्या लागतो. पीत नाही, पण लागतो.

तुला वाटेल, एवढ्यासाठी अक्कानं पत्र लिहिलं. नाही रे.

त्या दिवशी परभणीच्या दवाखान्यात तू नाशिकहून आलास. आईच्या मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. बाहेरच्या बाकावर बन्सीधरमामा होता, त्याच्या दोन सुना होत्या, आणि झाडं छाटणारा पंडित सकाळपासून पाणी न पिता बसला होता. तू आलास, आईला बघून आलास, आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणालास, “अक्का, एक फांदी छाटून घेता आली नाही तुला? घरातच तर असतेस!”

मामानं माझ्याकडे बघितलं. सुनांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात आईची कवळी होती, रुमालात गुंडाळलेली. मी ती घट्ट धरून उभी राहिले आणि काही बोलले नाही. पंडित काहीतरी बोलायला उठला होता, त्याला मी डोळ्यांनीच खाली बसवलं. तुला वाटलं असेल, अक्काला चूक कळली, म्हणून गप्प आहे.

तेव्हा गप्प बसले. त्यानंतरही बसले असते. पण गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालास, “आता आई इकडं आहे, घर रिकामंच आहे. पंचमीला येतो, गिऱ्हाईक बघून ठेवलंय. तुझ्यासाठी बघू कुठं एखादी खोली.” रिकामं! त्या रिकाम्या घरात मी तव्यावर भाकरी टाकली होती आणि एका हातात फोन धरला होता. भाकरी करपली. तेव्हापासून मी मनात हे पत्र लिहिते आहे.

तर झाडाचं ऐक.

मागच्या अंगणातला कडुलिंब कुणी लावलेला नव्हता हे तुला आठवत असेल. मोरीच्या पाण्यावर आपोआप आला आणि मोठा झाला. आण्णा होते तोवर दर वर्षी शेळ्यांसाठी डहाळ्या तोडायचे, त्यामुळे झाड आटोक्यात राहायचं. आण्णा गेले, शेळ्या गेल्या, आणि लिंबाला रान मोकळं मिळालं. एक फांटा थेट आईच्या पत्र्यावर गेला आणि दुसरा माझ्या खोलीवरून विजेच्या तारांकडे. पूर्वी वावधान यायचं ते चार पत्रे हलवून जायचं. आता उन्हाळा लागला की दर आठ-पंधरा दिवसांनी आभाळ भरतं, गारा पडतात, कुणाची ना कुणाची टाकी उडून दुसऱ्याच्या अंगणात जाते. म्हणून लोक आता पाडव्यापासूनच पंडितला बोलावतात. पूर्वी तो बायकोबरोबर कोयता घेऊन ऊस तोडायला जायचा. आता पेट्रोलची करवत आहे, जाडजूड दोर आहेत, आणि गंगाखेडपर्यंतचे लोक त्याची वाट बघतात. फांदी धाडकन पाडत नाही. दोरानं बांधून, तुकडा तुकडा करून, झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तशी उतरवतो.

मी तर पाडव्याच्या आधीच त्याला बोलावलं. तो वर चढला, बेचक्यात हात घातला आणि मूठभर ओला भुसा काढून मला दाखवला. म्हणाला, “अक्का, पाणी मुरायलंय आत. वरून हिरवा दिसायलाय, पण आतून संपलाय. ह्यो आईच्या डोक्यावरचा आधी काढू.”

“मग काढ की आजच.”

“आज न्हाई. घरचा हात लागू द्या.”

पंडितचा रिवाज तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. त्याच्या बापापासूनचा आहे. आदल्या दिवशी सांजेला येऊन तो खोडाला हळद लावतो आणि झाडाला सांगतो, उद्या येणार आहे, कुणी राहात असेल त्यानं सरकून घ्यावं. पाखरं, खारी, आणखी जे कोण असेल ते. आणि दुसऱ्या दिवशी हिरव्या झाडावर पहिला घाव घरच्या माणसानं घालायचा. त्यासाठी बापाची एक जुनी लहान कुऱ्हाड तो फडक्यात बांधून आणतो. “घाव घरचा, कष्ट माझे,” असं म्हणतो. घरच्यानं घाव घातल्याशिवाय तो करवत सुरू करत नाही. गावातले मोठमोठे लोकही मुकाट्यानं येऊन घाव घालतात आणि मग पंखा लावून बसतात.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, “शिवाला बोलीव. एका दिवसाचं तर काम हाय.”

बोलावलं. तुझा मार्च संपला नव्हता. मार्च संपला तर रुख्मिणीच्या भाच्याचं लग्न निघालं. मग तू म्हणालास, व्हिडिओ कॉल करतो, मोबाइल झाडाला लावा आणि नारळ फोडा. मी पंडितला तसं सांगितलं. तो बिचारा विचारात पडला. मग म्हणाला, “साहेबाला म्हणावं, मोबाइलला हात न्हाई.” मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

नंतर तू स्वतःच एक रविवार दिलास. आठवतं का? पंडितनं आदल्या दिवशी हळद लावली. सकाळी दोर घेऊन आला, मी नारळ आणला, आईनं माझ्याकडून नवं लुगडं नेसून घेतलं, लेक येणार म्हणून. तिला चालवत नव्हतंच, म्हणून बाजेसकट दारात आणून ठेवलं. ऊन डोक्यावर आलं. तुझा फोन आला की एका साहेबांनी ऐनवेळी बोलावलं, नाइलाज आहे. पंडितनं दोर गुंडाळले. आई म्हणाली, “त्याची नोकरी मोठी हाय.” लुगडं मात्र तिनं दिवस मावळेपर्यंत बदलू दिलं नाही.

हे सगळं तुला माहीत आहे. माहीत असूनही तू दवाखान्यात तसं बोललास, म्हणून पुन्हा लिहिलं. आता तुला माहीत नाही ते.

ज्या दिवशी फांटा पडला, त्या दिवशी सकाळी पंडित आपण होऊन आला होता. त्याला गंगाखेडला जायचं होतं, तिकडचं काम सोडून आला. वारा एकदम पडला होता, पान हलत नव्हतं. मला म्हणाला, “असा उकाडा लय बेकार. सांजच्याला वावधान सुटंल. आज उतरवूच आपण.” आदल्या सांजेला मागच्या गल्लीतून येऊन तो हळदही लावून गेला होता. मला न विचारता. पण मग तो काम न करताच निघून गेला. दवाखान्यात मामानं त्याला विचारलं, अरे, तू काल सकाळी गेला होतास म्हणे, मग काढली का नाहीस? तेव्हाच तो उठायला लागला होता आणि मी त्याला बसवलं.

शिवा, इथपर्यंत लिहून मी उठले होते. अंगण झाडलं, झाडायचं नव्हतं तरी. आता लिहिते.

पंडितनं फडकं सोडलं आणि कुऱ्हाड माझ्यापुढं केली. मी म्हटलं, “अरे, शिवा नाही ना.” तो म्हणाला, “साहेब नसतील. इथं राहतंय कोण? मोरीचं पाणी ह्या झाडाला कोण घालतंय? तुमीच घरच्या. घाला घाव.”

मला बरं वाटलं रे. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. नवऱ्यानं दुसरी केली आणि मी पिशवी घेऊन ह्या घरात परत आले, तेव्हापासून कुणी मला हे म्हटलं नव्हतं. मी हातपाय धुतले, झाडाला कुंकू लावलं, पदर खोचला, आणि कुऱ्हाड उचलली.

आई बाजेवर होती. तिची खिडकी झाडाकडेच आहे. तिनं बघितलं आणि ओरडली, “माले! ठिव ती खाली!”

मी वळून बघितलं.

“तुझा हात नको. तू दिल्या घरची. ह्या घरचा हात शिवाचा. त्यो येईल तवा लावंल. ठिव खाली.”

पंडित जमिनीकडे बघायला लागला. मी म्हटलं, “आई, वावधान येणार आहे म्हणतो तो.” ती म्हणाली, “येऊ दी. लेक असताना लेकीच्या हातानं झाड तोडलं म्हणतील लोक. शिवाला काय वाटंल?”

त्याच सकाळी मी तिला न्हाऊ घातलं होतं. तिची वेणी घातली होती. वेणीतला माझा गंगावनाचा दोरा अजून ओला होता. आणि ती मला दिल्या घरची म्हणाली. कुठलं दिलेलं घर? ज्यांनी माझी भांडी रस्त्यावर ठेवली ते?

मी कुऱ्हाड खाली ठेवली. पंडितनं ती फडक्यात बांधली. जाताना एवढंच म्हणाला, “आईला आज ओसरीत झोपवा.” मी आईला म्हटलं, माझ्या खोलीत चल, नाहीतर ओसरीत तरी बाज टाकते. तिनं तोंड फिरवलं. “मी माझ्या जागेवर हाय,” म्हणाली. एवढ्या बाईला मी उचलून नेणार होते का? तिच्या मनाविरुद्ध मी त्या घरात कधी तांब्यासुद्धा हलवलेला नाही.

दुपार उतरताना वावधान सुटलं. मी अंगणातल्या कुरडया गोळा करत होते. आधी धूळ, मग गारा, मग लिंबाचा तो आवाज. कडकड असा नव्हताच तो. ओलं लाकूड सावकाश फाटावं तसा होता. मी आत धावले तेव्हा फांटा पत्रा फोडून बाजेच्या पायथ्याशी आला होता आणि आई त्याच्याखाली होती. कमरेच्या वर आला असता तर आज तू आणि मी वेगळ्याच कारणानं बोललो असतो. मी फांटा हलवायला गेले, हलेना. तिचे हात धरून मी ओढत होते, पत्र्यावरून गारांचं पाणी आमच्या दोघींच्या अंगावर पडत होतं, आणि ती माझ्याकडे बघून ओरडत होती, “शिवा! शिवा रे!”

हे मी तिथं बाकापाशी सांगितलं असतं, तर काय झालं असतं? मामाच्या सुनांनी आईला नावं ठेवली असती, दुसऱ्या दिवशी तिचं ऑपरेशन असताना. आणि तू मोकळा झाला असतास. ‘आईच नको म्हणाली’ असं म्हणून तू निवांत झोपला असतास. तुला ती झोप द्यायची माझी तयारी नव्हती. आजही फारशी नाही. पण तुझ्या गिऱ्हाइकापायी लिहावं लागलं.

मग तू तिला घेऊन गेलास. सगळं गाव म्हणालं, लेक असावा तर असा. तुझ्या गाडीत ती मागच्या सीटवर आडवी, डोक्याखाली माझी उशी. चेहरा काय खुलला होता तिचा! लेकाच्या घरी चालली होती. मी गाडीचं दार लावलं तेव्हा तिनं खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं, माझा हात धरते आहे. ती म्हणाली, “माले, मिशरीची डबी राहिली.” मी धावत जाऊन आणून दिली.

एक फांटा गेल्यावर लिंब दुसऱ्या अंगाला कलला. माझ्या खोलीकडे. पाऊस पडला की बुंध्याची माती भुसभुशीत होते. तू ‘रिकामं’ म्हणालास, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पंडितला निरोप धाडला.

त्यानं काही विचारलं नाही. परवा सांजेला येऊन हळद लावून गेला. काल सकाळी मोटरसायकलवरून उतरला, दोर काढले, फडकं सोडलं आणि कुऱ्हाडीचा दांडा माझ्याकडे केला. मी मागे वळून खिडकीकडे बघितलं. बाज रिकामी होती. मला ठाऊक होतं, तरी बघितलं. मग घाव घातला.

नीट बसला नाही. नुसती साल उडाली. पंडित म्हणाला, “पुरे अक्का, लागला घरचा हात.” मी म्हटलं, थांब जरा, आणि आणखी एक घातला. दुसरा घाव त्याच्या रिवाजात नाही. तो माझ्या रागाचा होता, आणि तो चांगला खोल बसला. मग पंडितनं करवत सुरू केली. दुपारपर्यंत सगळा भार उतरवला. झाड मारलं नाही, त्याला आटोक्यात आणलं. पाला गल्लीतल्या शेळ्यांनी खाल्ला. लाकूड मी रचून ठेवलं आहे, आणि मागच्या खोलीत आता इतका उजेड येतो की आईला झोप यायची नाही. खिडकीला पडदा शिवायला घेतला आहे.

आता पंचमीचं. पंचमीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला जातात. बहिणीला माहेरातून काढायला येणारा भाऊ मी पहिल्यांदाच बघणार. तरी ये. दिंडं करीन, तुला आवडतात तशी, वरून तूप सोडून. पण त्या दिवशी आपल्याकडे चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत. आईनंच लावलेली शिस्त आहे. म्हणून त्या दिवशी घर विकायचा विषय काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी काढशील, तर माझं उत्तर आत्ताच ऐकून ठेव. मी इथून हलणार नाही. गिऱ्हाइकाला घेऊन आलास तर चहा त्यालाही देईन आणि हेच सांगेन. माझा कायद्यानं काय हक्क आहे ते मला कळतं, अंगणवाडीत आम्ही नुसती खिचडी शिजवत नाही. पण मी हक्काच्या कागदावर इथं राहिले नाही आणि कागदाच्या भीतीनं जाणार नाही.

आणि आईला तिथं करमेनासं झालं, चौथ्या मजल्यावरून खाली कुणी दिसेनासं झालं, तर पाठवून दे. तिची खोली तयार आहे. आल्यावर मी तिला, तू कुठल्या घरची, असं विचारणार नाही.

वर लिहिलं आहे की हे तिला वाचून दाखवू नकोस. ते तसंच राहू दे, खोडत नाही. पण आता म्हणते, दाखव. तिच्या डाव्या कानाशी बस, उजव्यानं ऐकू येत नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तिचं बोलणं आलं की चाचरू नकोस, एक शब्द गाळू नकोस. सगळं ऐकून झाल्यावर ती डबीतली मिशरी बोटावर घेईल. मग विचारील, उरल्या झाडाला पहिला हात कुणाचा लागला. तिला सांग, घरच्या माणसाचा.

तुझी अक्का,
मालन
मु. माझं घर, पो. ताडकळस